आधी माणसं, मग अंडं

२०१४ च्या ऑक्टोबरात आम्ही तीन वर्षांसाठी अथेन्सला राहायला गेलो. नवऱ्याची नोकरी पिरेअस बंदरातल्या एका जहाज कंपनीत होती. घर मात्र शहराच्या मध्यावर, स्त्रेफी टेकडीच्या पायथ्याशी मिळालं. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायची, वय ७४, एकटीच. पहिल्याच आठवड्यात तिनं मला बजावलं, ‘मला किरिया, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचं नाही. थिया म्हण.’ मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्यांना ग्रीकमध्ये हा एकच शब्द पुरतो.

थियाकडून मी पुष्कळ शिकले, पण आज ज्याच्यावाचून माझं घर चालत नाही ते एकच: पालेभाजी घातलेलं आणि अंडं-लिंबानं दाटवलेलं सूप. त्या दाटवण्याला ग्रीक लोक अवगोलेमोनो म्हणतात. ‘अवगो’ म्हणजे अंडं, ‘लेमोनी’ म्हणजे लिंबू. त्यात मलई नाही, लोणी नाही, मैदा नाही, तरी चमचा बुडवून काढला की त्याच्यावर साय धरल्यासारखी दिसते.

माझी मुलगी आता बंगळुरूला वेगळी राहते. ‘आई, ते सूप लिहून पाठव,’ असं तिनं तीनदा म्हटलं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की कृती पाचच ओळींची आहे. बाकीचं सगळं चुकत चुकत कळलेलं आहे आणि खरं म्हणजे तिला तेच लागणार आहे.

१. पाला बघून सूप ठरवायचं

अथेन्समध्ये आठवड्याचा भाजीबाजार रस्त्यावर भरतो. त्याला लाइकी म्हणतात. आमचा लाइकी शनिवारी, कालिद्रोमिऊ रस्त्यावर. चढाचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी घरं आणि मधोमध शेतकऱ्यांच्या पालांखाली भाज्यांचे ढीग. पहिल्या शनिवारी मी तिथे गेले ती परक्या देशात काय मिळेल या काळजीनं. आणि समोर शेपूच्या जुड्या! तिकडे त्याला आनिथोस म्हणतात, आपल्या शेपूपेक्षा थोडा सौम्य असतो.

मग ऋतूंप्रमाणे एकेक ओळख पटत गेली. उन्हाळ्यात व्लीता आली, तो आपला माठ-तांदुळजाच्या घराण्यातला पाला. ग्लिस्त्रीदा म्हणजे आपली घोळ, ती तिथे कच्चीच सॅलडमध्ये घालतात. लापाथा ही आपल्या चुक्याची चुलत बहीण. आणि चाकवत, जो तिकडेही शेताच्या बांधावर आपोआप उगवतो आणि ज्यांना माहीत आहे त्या बायका तो खुडून नेतात. रानातल्या, शेतातल्या अशा सगळ्या पाल्यांना मिळून एक शब्द आहे, होर्ता. आपण ‘पालेभाजी’ म्हणतो तसाच, पण त्याच्यात रानभाजीही आली.

सूपासाठी मी पाल्याचे तीन गट करते. पालक, चाकवत, माठ आणि सेस्कुला नावाचा रुंद पानांचा पाला हे गोडसर. आंदीदिया, रादीकिया हे कडवट. लापाथा, चुका हे आंबट. नवखा माणूस गोडसर पाला घेतो, आणि ते ठीकच आहे. पण अंडं-लिंबाची खरी जोडी जमते ती कडवट पाल्याशी. अंड्याचा स्निग्धपणा कडवटपणाची धार बोथट करतो आणि लिंबू ती पूर्ण नाहीशी होऊ देत नाही. इकडे पुण्यात आंदीदिया मिळत नाही, तेव्हा मी चाकवतात मूठभर मेथी घालते. त्याहून जास्त घातली तर फक्त मेथीच लागते. आंबट पाला असेल तर लिंबू निम्मं करायचं, हे सांगायला नको, पण एकदा मी विसरले होते म्हणून सांगते.

२. लेट्यूस शिजवायचं असतं

हे मला पटायलाच एक वर्ष लागलं. ग्रीक लोक लांब पानांचं लेट्यूस, त्यांचं मारुली, कोकराच्या मटणाबरोबर शिजवतात आणि शेवटी अंडं-लिंबू घालतात. त्याला फ्रिकासे म्हणतात. तो सूपापेक्षा रश्शाकडे झुकणारा प्रकार. मारुलीची चार-पाच डोकी चिरून टाकली, तर पातेलं काठोकाठ भरतं आणि दहा मिनिटांत तळाशी जातं. शिजलेल्या लेट्यूसच्या देठाला कोवळ्या दुधीसारखी चव येते. आइसबर्ग मात्र घेऊ नये, त्याचं नुसतं पाणी होतं.

३. फुटतं ते का, हे समजून घ्यावं

पहिल्यांदा मी हे सूप आठ जणांसाठी केलं. नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी होती. पालकाचं सूप खळखळ उकळत होतं. मी अंडी फ्रीजमधून काढली, लिंबात फेटली आणि सरळ उकळीत ओतली. दोन क्षण वर पिवळा फेस दिसला. मग तो फेस आकसला, त्याच्या चिंध्या झाल्या, आणि चिंध्यांच्या मधून निवळ हिरवट पाणी वर आलं. नासलेल्या दुधासारखं. मी ढवळत राहिले तशा त्या चिंध्या आणखी बारीक झाल्या. पाहुण्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी थियाला सांगितलं तेव्हा तिनं एकच शब्द उच्चारला, ‘एकोप्से.’ शब्दशः अर्थ ‘कापलं’. आपण दूध फुटलं म्हणतो, ते म्हणतात अवगोलेमोनो कापलं गेलं.

कारण साधं आहे. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोडं पुढे गेला की घट्ट व्हायला लागतो, पिवळा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. पाण्यात आणि रसात मिसळल्यावर ही मर्यादा वर सरकते, पण उकळत्या पाण्याचे १०० अंश कोणत्याच अंड्याला झेपत नाहीत. अंड्यातली प्रथिनं हळूहळू तापली, तर ती सैल होऊन एकमेकांत अलगद गुंततात आणि पाण्याला धरून ठेवतात. म्हणूनच सूप दाट होतं. एकदम तापली तर ती एकमेकांना आवळतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. दाट होणं आणि फुटणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. हे कळलं त्या दिवसापासून माझी भीती गेली.

म्हणून: अंडी तासभर आधी फ्रीजबाहेर, गॅस बंद, उकळी पूर्ण बसलेली, आणि मग पाच मिनिटं थांबायचं. घड्याळ लावून पाच मिनिटं.

४. तांदूळ हा पहारेकरी आहे

माझ्या आजीच्या कढीत बेसन असायचं, आणि ‘बेसन कशाला?’ असं विचारलं की ती म्हणायची, ‘कढी फुटू नये म्हणून.’ अथेन्सच्या स्वयंपाकघरात मला त्याच उत्तराची ग्रीक आवृत्ती ऐकायला मिळाली. थिया सूपात नेहमी मूठभर तांदूळ घालायची. मला वाटायचं पोट भरावं म्हणून. ती म्हणाली, ‘तांदूळ नसेल तर मी अंडं घालतच नाही.’

तांदूळ शिजताना जी पेज सुटते, तिच्यातला पिठूळपणा अंड्याच्या प्रथिनांच्या मध्ये मध्ये शिरतो आणि त्यांना एकमेकांना आवळू देत नाही. कढीत बेसन दह्याच्या बाबतीत जवळपास हेच काम करतं. ग्रीसमध्ये सूपासाठी ग्लासे नावाचा बुटका, चिकट तांदूळ वेगळा मिळतो. इकडे आंबेमोहोर उत्तम, इंद्रायणीही चालतो. बासमती वापरू नये. तो दाणा दाणा मोकळा राहतो, आणि आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. तांदूळ धुतानाही एकदाच, हलक्या हातानं. पाणी निवळशंख होईपर्यंत धुतलात, तर पहारेकरीच वाहून जाईल.

५. हात आणि डाव

ही गोष्ट मी थियाच्या ओट्याशी उभी राहून शिकले, आणि लिहिताना मला तिचे हातच दिसतात.

खोलगट चिनी मातीचा वाडगा, त्याच्याखाली ओला पंचा, वाडगा हलू नये म्हणून. आधी फक्त पांढरा भाग, काट्यानं, फेस येईपर्यंत. ताठ शिखरं नकोत, साबणाच्या पाण्यासारखा ओला फेस पुरतो. मग पिवळे बलक. मग लिंबाचा रस, धारेनं. आणि मग सूपाचा पहिला डाव. डावा हात डाव धरून वाडग्याच्या वर, मनगटाइतकाच उंच. उजवा हात काटा चालवत. धार सुतळीइतकी बारीक, आणि धार पडते आहे तोवर उजवा हात थांबत नाही. ती तेव्हा ओठांनी पापा घेतल्यासारखा आवाज काढायची. चुक्, चुक्, चुक्. तिच्या आईनं सांगितलं होतं की पापे दिले की अवगोलेमोनो फुटत नाही. मी हसले नाही. कारण माझ्या लक्षात आलं, की दर पाप्याला तिची धार किंचित थांबते. आवाजामुळे हाताला ताल मिळत होता, आणि तालामुळे घाई होत नव्हती.

असे तीन डाव, कधी चार. वाडग्याला बाहेरून तळवा लावून बघायचा. अंगाला सोसेल इतकं गरम पाणी असतं ना आंघोळीचं, त्याच्याहून थोडं जास्त लागलं पाहिजे. मग वाडग्यातलं सगळं पातेल्यात, पुन्हा बारीक धारेनं, आणि या वेळी काटा नाही, तर पातेल्याचे दोन्ही कान धरून ते गोल गोल हलवायचं. ढवळल्यानं पाला चमच्याला गुंडाळतो, हलवल्यानं सगळं आपोआप एकजीव होतं. पुरेसं दाट वाटलं नाही, तर गॅस अगदी मंद करून दोन मिनिटं, पातेल्यासमोरून न हलता. पहिला बुडबुडा वर येण्याच्या आत बंद.

घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल, तर मी ही दोन मिनिटं कधीच टाळत नाही. अंडं नीट तापलेलं असावं. अंडी ताजी घ्यावीत, आणि प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून मगच वाडग्यात घ्यावं, हे तर आपल्या आया सांगतच आल्या आहेत.

६. लिंबू मोजून

ग्रीसची लिंबं मोठी, जाड सालीची. एका लिंबाचा ४०-५० मिलिलीटर रस सहज निघतो. आपल्या कागदी लिंबाचा जेमतेम १५. आणि आपलं लिंबू जास्त तिखट-आंबट, वासानंही वेगळं. ‘दोन लिंबं’ असं कृतीत लिहिलेलं वाचून मी पुण्यात पहिल्यांदा दोन कागदी लिंबं पिळली आणि सूप मिळमिळीत झालं. पुढच्या वेळी रागानं सहा पिळली, तर घशाखाली उतरेना. आता चौघांसाठी ५० मिलिलीटर, म्हणजे तीन ते चार लिंबं, मोजून. थोडं कमीच घालून फोडी ताटात ठेवाव्यात.

ॲल्युमिनियमचं पातेलं नको. आंबटाशी त्याची झटापट होते, सूपाला धातूची चव येते आणि रंग करडा पडतो. लोखंडी कढईचंही तेच. स्टील घ्या.

७. आंबट आणि अंडं ही जोडी एकट्या ग्रीकांची नाही

थेस्सालोनिकीला दोन दिवसांसाठी गेलो होतो तेव्हा मोदियानो बाजाराजवळच्या एका खानावळीत मला माशाबरोबर अंडं-लिंबाचा दाट, पिवळा सॉस मिळाला. तो आग्रिस्तादा. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलून दिलेले ज्यू, सेफार्दी, मोठ्या संख्येनं ऑटोमन साम्राज्यात आले, आणि थेस्सालोनिकी हे त्यांचं सर्वांत मोठं शहर झालं. ते आपल्याबरोबर स्पॅनिश भाषा घेऊन आले आणि आंबट रसात अंडं फेटून दाटवण्याची ही रीतही त्यांच्या स्वयंपाकात आहे. पूर्वी लिंबाच्या जागी कच्च्या द्राक्षांचा रसही वापरत. तुर्की स्वयंपाकात हेच तेर्बिये म्हणून ओळखलं जातं. पहिल्यांदा कोणी केलं यावर ग्रीक माणसाशी जेवणाच्या टेबलावर वाद घालू नये.

१९४३ मध्ये नाझींनी त्या शहरातल्या चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना आगगाड्यांत कोंबून आउश्वित्सला पाठवलं. बहुतेक कोणी परतलं नाही. त्या खानावळीत मी ताट संपवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ज्या घरांमध्ये हा सॉस दर आठवड्याला फेटला जात असेल, ती घरंच्या घरं संपली आणि सॉस राहिला. तेव्हापासून आग्रिस्तादा करताना माझा हात जरा सावकाश चालतो.

८. फोडणी नाही

मोह होतो. लसणाची, जिऱ्याची, निदान हिंगाची तरी. मी केली आहे. सूप वाईट लागलं नाही, पण ते हे सूप राहिलं नाही. अंडं-लिंबाची चव दबक्या आवाजाची असते, तिच्या शेजारी मोहरी तडतडली की ती बोलायची थांबते. हळदही नको, रंगासाठीसुद्धा नको.

त्याऐवजी जे काम फोडणी करते ते पातीच्या कांद्याकडून करून घ्यायचं. ऑलिव्ह तेल सढळ हातानं, चौघांना चार मोठे चमचे, मंद आच आणि पातीचा कांदा पांढऱ्या भागासकट बारीक चिरून. दहा मिनिटं. लाल होऊ द्यायचा नाही, नुसता गळून मऊ पडला पाहिजे. मीठ इथेच घालायचं.

९. रंग जाणार

लिंबू पडलं की हिरवा पाला शेवाळी होतो. पानांच्या हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम आंबटामुळे निघून जातं, त्याला इलाज नाही. सोडा घालू नका.

१०. सूप वाट बघतं, अंडं नाही

२०१६ चा ग्रीक ईस्टर १ मे रोजी होता. आदल्या रात्री, शनिवारी, थिया आम्हाला घेऊन चर्चला निघाली. त्याआधी ४८ दिवस तिनं मांस, अंडं, दूध काहीही खाल्लं नव्हतं. मासा तेवढा २५ मार्चला आणि झावळ्यांच्या रविवारी चालतो. आपल्याकडच्या चातुर्मास पाळणाऱ्या बायकांची मला फार आठवण आली.

निघण्याआधी तिच्या स्वयंपाकघरात मायिरीत्सा तयार होतं. हे त्या रात्रीचंच सूप, उपास सोडण्याचं. दुसऱ्या दिवशी भाजायच्या कोकराचं काळीज, फुप्फुस, हृदय, आतडी, सगळं स्वच्छ धुऊन, उकळून, बारीक चिरून. त्यात पातीचा कांदा, भरपूर मारुली, शेपू आणि तांदूळ. आतडी तिनं सकाळी वार्वाकियोस या अथेन्सच्या मोठ्या मटणबाजारातून आणली होती आणि एकेक पेन्सिलीवर उलटी करून लिंबू-मिठानं धुतली होती. पातेलं झाकून ओट्यावर ठेवलेलं. शेजारी टोपलीत चार अंडी आणि तीन लिंबं, तशीच, अख्खी.

मी विचारलं, ‘थिया, अंडंही आताच घालून ठेवू का? आल्यावर सगळे भुकेले असतील.’

ती म्हणाली, ‘पेदाकी मू, म्हणजे माझ्या बाळा, सूप वाट बघतं. अंडं वाट बघत नाही. माणसं टेबलाशी बसली की मग अंडं फोडायचं.’

मध्यरात्री चर्चचे दिवे मालवले गेले. एका ज्योतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा मेणबत्त्या पेटत आल्या, ‘ख्रिस्तोस आनेस्ती’ म्हणजे ‘ख्रिस्त उठला’ अशा शुभेच्छा झाल्या. आम्ही हाताच्या ओंजळीनं वारा अडवत ज्योत घरापर्यंत आणली. समोर लिकाबेटस टेकडीवरून दिव्यांची ओळ उतरत होती. थियानं ज्योतीच्या काजळीनं दाराच्या वरच्या चौकटीवर क्रूस काढला, कोट काढून खुंटीला लावला, हात धुतले. पातेल्याखाली गॅस. आम्ही लाल रंगवलेली उकडलेली अंडी एकमेकांच्या अंड्यावर आपटून फोडत होतो. ज्याचं अंडं शेवटपर्यंत शाबूत राहतं त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणतात. आणि ओट्याकडून आवाज आला: चुक्, चुक्, चुक्.

रात्रीचा एक वाजून गेला होता. मी आतडी खाईन असं मला कधी वाटलं नव्हतं. दोन वाडगे खाल्ले.

११. एकदा झालं की पुन्हा उकळू नये

उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवलं की काय होतं, ते मी तीनदा बघितलं आहे. बाहेरून फुटतं, आत गार राहतं. उरणारच असेल, तर अंडं घालण्याआधी निम्मं सूप काढून ठेवावं. दुसऱ्या दिवशी एक अंडं, एक-दोन लिंबं, पाच मिनिटांचं काम. तरी उरलंच, तर पातेलं गरम पाण्यात ठेवून, ढवळत कोमट करावं.

फुटलेलं पूर्ण दुरुस्त होत नाही. पण टाकूही नये. पाला गाळून बाजूला काढावा, रस मिक्सरमधून फिरवावा, चमचाभर तांदळाची पेज घालावी. थोडं रवाळ राहतं, पण चवीला चांगलं लागतं.

१२. अंडं न खाणाऱ्यांसाठीही वाट आहे

माझ्या सासूबाई अंडं खात नाहीत. सुरुवातीला मी त्यांना नुसतं पाल्याचं पाणी द्यायचे आणि मला वाईट वाटायचं. मग थियाच्याच उपासाच्या दिवसांतून उत्तर मिळालं. त्या ४८ दिवसांत ग्रीक बायका अंड्याऐवजी पीठ वापरतात. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून, त्यात लिंबू, आणि वर सांगितलं तसंच एकेक डाव. त्याला आलेव्रोलेमोनो म्हणतात. ‘आलेव्री’ म्हणजे पीठ. इथे मात्र नंतर उकळी आणावीच लागते, नाहीतर पिठाचा कच्चटपणा जात नाही. मी तांदळाची पिठी वापरते. सासूबाई त्याला ‘तुझी लिंबाची कढी’ म्हणतात आणि वाटी पुढे करतात.

१३. कमी असताना

२०१५ च्या जूनअखेरीला ग्रीसमधल्या बँका बंद झाल्या. २९ जूनपासून एटीएममधून एका कार्डावर रोज ६० युरो. ५ जुलैच्या सार्वमतापर्यंत आमच्या रस्त्यावरच्या यंत्रासमोर सकाळपासून रांग असायची, आणि दुपारपर्यंत वीसच्या नोटा संपून फक्त पन्नासच्या मिळायच्या. पेन्शनवर जगणारी माणसं त्या रांगेत फार शांतपणे उभी असायची. ती शांतता बघवत नसे.

त्या शनिवारी लाइकीत थियानं फक्त व्लीता घेतली, कारण ती सर्वांत स्वस्त होती. एरवी ती नुसती उकडून, तेल आणि लिंबू घालून खातात. थियानं त्या दिवशी सूप केलं आणि जिन्यातल्या सगळ्यांना हाक मारली. आम्ही तिघं, तळमजल्यावरचे नवरा-बायको, थिया स्वतः. सहा माणसं, अंडी दोन. पाला दीड किलो, तांदूळ थोडा जास्त. लिंबं तिच्या बहिणीच्या गावाकडून आलेली. मी वर जाऊन विचारलं, माझ्याकडची अंडी आणू का? ती म्हणाली, ‘पुरतात. दोन अंड्यांत किती माणसं बसतात ते बघ.’ सूप पातळ होतं, पण त्याला अंग होतं.

तिला न सांगता मी दुसऱ्या दिवशी डझनभर अंडी तिच्या दाराशी ठेवली. संध्याकाळी त्यातली सहा माझ्या दाराशी परत आली, खाली वर्तमानपत्र घालून.

१४. पुण्याचं प्रमाण

चौघांसाठी. चाकवत अर्धा किलो, निवडून, देठ काढून, तीन पाण्यांतून धुऊन. पातीचे कांदे सहा. शेपू मूठभर, बारीक चिरून, त्यातला निम्मा अगदी शेवटी. आंबेमोहोर पाव वाटी. पाणी सव्वा लिटर; कोंबडीचा रस्सा असेल तर तो घ्या, पण मटणाच्या मसाल्याचा नको. अंडी दोन, मोठी. लिंबाचा रस ५० मिलिलीटर. तेल चार चमचे. मीठ, ताजी मिरपूड.

कांदा मऊ पडला की पाणी, पाणी उकळलं की तांदूळ. तांदूळ शिजायला पंधरा ते अठरा मिनिटं. तो जवळजवळ शिजला की पाला, आणि मग पाचच मिनिटं. गॅस बंद. इथपर्यंत सगळं दोन तास आधी करून ठेवता येतं. पुढचं क्रमांक पाचमध्ये आहे.

थियाला मी अजूनही दर महिन्याला फोन करते. तिचं ऐकू येणं कमी झालं आहे, त्यामुळे बोलणं थोडंच होतं. काय शिजवलं हे सांगितलं की ती विचारते, ‘एकोप्से?’ मी ‘ओखी’ म्हणते. नाही.

१५. हे सगळं मुलीला पाठवलं त्याच्या पुढच्या शनिवारी रात्री साडेनऊला तिचा फोन आला. तिनं पाच जणांना जेवायला बोलावलं होतं.

‘आई, सगळं तयार आहे. आता अंडं घालू का?’

‘किती जण आलेत?’

‘दोघं. बाकीचे तिघं सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकलेत. म्हणतायत वीस मिनिटं.’

‘मग थांब.’

‘पण सूप गार होईल ना.’

‘होऊ दे. नंतर गरम कर, पाच मिनिटं उतरू दे. अंडी फ्रीजबाहेर आहेत ना?’

आहेत म्हणाली. मग फोन चालूच ठेवून ती ऑफिसचं काहीबाही सांगत राहिली, मी ऐकत राहिले. मधूनच तिच्या मैत्रिणींचं हसणं येत होतं. बऱ्याच वेळानं मागे बेल वाजली, दार उघडलं, चपलांचे आणि बोलण्याचे आवाज आले.

‘आले सगळे,’ ती म्हणाली. ‘ठेवते, अंडी फेटायची आहेत.’